राजा जागा होता

"रात्री कोनी चालल्याचा आवाज आला तं भ्याचं नाई, बाई. मीच असते ते."

खोली दाखवताना कौतिकामावशी हे अशा सुरात बोलल्या, जसं कोणी मोरी कुठे आणि खुंटी कुठे ते सांगावं. मी नागपूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच लागलेली, आणि वैनगंगेकाठच्या त्या खैरी गावात मला राहायला दुसरी खोली मिळत नव्हती. तेव्हा घाबरायची सोय नव्हती.

"झोप येत नाही का तुम्हाला, मावशी?"

"येते नं. मीच येऊ देत नाई."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? आली का उठून चालाले लागते." त्यांनी मागचं दार उघडून दाखवलं. बाहेर लहानसं आवार आणि त्यापलीकडे नदीच्या घाटाकडे उतरणारी पांदण. "अन् हे दार लावाचं नाई. कडी तं घालाचीच नाई."

"आणि चोर आला तर?"

"येऊ द्या. काय नेईन? बुढ्याले नेईन तं बरंच होईन."

हे ऐकून ओसरीवर बसलेला बुढा, म्हणजे त्यांचे यजमान आडकूजी टेंभुर्णे, अर्ध्या तोंडानं हसले. उरलेल्या अर्ध्याला हसता येत नव्हतं. चैत्रात त्यांना लकवा मारला होता. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं, पण बोलायला गेले की घशातून नुसतं "अं… अं" निघायचं. मग स्वतःच लाजून ते मान फिरवून घ्यायचे.

मावशी खरंच झोपत नाहीत हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. भिंतीपलीकडून पावलं वाजायची, मागच्या दारापाशी थांबायची, परत फिरायची. कधी पुटपुटणं ऐकू यायचं. दिवसा भाजी निवडता निवडता त्या बसल्या जागी डुलकी घ्यायच्या आणि दचकून जाग्या व्हायच्या. जाग आली की आधी त्या दाराकडे बघायच्या. मी काही भित्री नाही. पण ती नजर पाहिली की अंगावर काटा यायचा.

शेवटी मी रत्नमालाला विचारलं. रत्नमाला शेंडे आमच्या शाळेशेजारच्या अंगणवाडीची सेविका, माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ आणि मनानं निर्मळ.

"त्याईचा पोरगा गेला नं," ती म्हणाली. "सिद्धार्थ. विशीतला असन. रात्री घरातून निघून गेला. मी तवा फ्रॉक घालत होती."

"गेला म्हणजे?"

"म्हंजे गेलाच. कोणी म्हणते नदीनं नेला, कोणी म्हणते सुरतेले मिलमधी आहे. नदीत सापडला नाई अन् सुरतेहून निरोप आला नाई. त्या रात्री कौतिकाआजी झोपली होती. तवापासून ती रात्रीची झोपतच नाई. तिचं म्हणणं, मी जागी असती तं पोरगं गेलं नसतं."

"भांडण झालं होतं का घरात?"

"घरात नाई, विहारात. आडकूजीनं त्याले सगळ्यायसमोर वाचाले बसवलं. पोरगं अडखळलं, बाया हसल्या. बापानं हातातलं पुस्तक वढून घेतलं अन् स्वतः वाचाले लागला. एवढंच. पण त्या वयात एवढंच पुरते." मग ती हळू आवाजात म्हणाली, "बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक आपण. भूत-बित मानाचं नाई. पण तिन्हीसांजेले त्या पांदणीनं जाताना मीबी जरा भरभरच चालते."

आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागला. पावसाळ्याचे ते महिने आमच्या लोकांत विहारात ग्रंथवाचन चालतं. खैरीत दोन वाचनं व्हायची. सकाळी मोठा ग्रंथ. तो बौद्धाचार्य वाचायचे आणि गावातले शिकलेसवरलेले ऐकायला बसायचे. संध्याकाळचं वाचन बायांचं. ते एका जुन्या बुद्धचरित्राचं होतं. त्याची सुरुवातीची पानं कधीच गळून गेली होती, म्हणून लिहिणाऱ्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. लिहिलं मात्र रसाळ होतं. सकाळच्या ग्रंथात राजपुत्र आईबापांना, बायकोला सांगूनसवरून घर सोडतो. संध्याकाळच्या पुस्तकात तो न सांगता रात्री निघून जातो. बौद्धाचार्य म्हणायचे, सकाळचं खरं धरा. बाया हो म्हणायच्या आणि संध्याकाळी पुन्हा डोळे पुसायला हजर व्हायच्या.

हे संध्याकाळचं वाचन इतकी वर्षं आडकूजींचं होतं. त्यांचा आवाज म्हणे असा होता की घाटावरचा नावाडी वल्हं थांबवून ऐकायचा. आता वाचणार कोण, असा प्रश्न पडला तेव्हा रत्नमालानं मला सरळ पुढे ढकललं. "बाई वाचते. दिवसभर पोट्ट्यायले वाचून दाखवते, संध्याकाळी आपल्याले दाखवन."

मला वाचनाचं वेड होतं. नागपूरला आई म्हणायची, हिला भूक लागली तर ताटाऐवजी पुस्तक ठेवा. पण माझं वाचणं म्हणजे कोपऱ्यात बसून, पान उलटलं की विसरून जायचं असं. खैरीच्या बाया तशा ऐकत नसत. संध्याकाळी ऐकलं आणि सकाळी करून पाहिलं, असा त्यांचा रोखठोक कारभार. लोभाचं प्रकरण झालं तेव्हा एकीनं जावेचं दाबून ठेवलेलं पातेलं परत केलं. रागाचं प्रकरण ऐकून दुसरी आठवडाभर सासूला उलट बोलली नाही. मग एकदा बोललीच, आणि संध्याकाळी येऊन मला म्हणाली, "बाई, ते रागाचं पान आणखी एक डाव वाचा. पुरलं नाई."

आडकूजी रोज यायचे. मावशी त्यांना धरून आणायच्या, खांबाला टेकून बसवायच्या आणि स्वतः पुढे येऊन माझ्यासमोर बसायच्या. त्या ऐकताना कधी पेंगल्या नाहीत.

एका दुपारी आम्ही दोघी अंबाडीची भाजी निवडत होतो. मी सहज विचारलं, "मावशी, तुम्हाला यातलं कोणतं प्रकरण आवडतं?"

"राजपुत्र घर सोडून जाते ते."

"पण बौद्धाचार्य तर म्हणतात…"

"सकाळचा खरा असन, बाई. पण माहा तं संध्याकाळच्यातला गेला."

मी पुढची जुडी ओढली. मग मावशीच बोलायला लागल्या. "त्याच्यात एक ओळ आहे. सगळे झोपले असतात अन् राजा जागा असते. पोराचे पाय वाजते, ते त्याले ऐकू येते. त्याले समजते का पोरगं चाललं. आवाज द्यावा म्हणते. पण आवाज देत नाई. डोळे मिटून पडून रायते."

आमच्या विदर्भात हाक मारण्याला आवाज देणं म्हणतात. मी विचारलं, "का देत नाही आवाज?"

"ते नाई लिवलं." त्यांनी देठ मोडून बाजूला टाकला. "पण पाहा, मी काय म्हणते. राजा जागा होता, तरी पोरगं गेलंच नं? मंग मी जागी असती तं काय झालं असतं? जाणारा जातेच. ते ओळ ऐकली का मले पटते हे. त्या दिवशी घरी येते अन् झोपते. सालातून एकच रात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पटेनासं होते, मंग पुन्हा चाला."

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. एका ओळीवर एक माणूस वर्षभर तगून राहतो हे मी तोवर कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. मला त्यांची फार दया आली, आणि ते प्रकरण आपण चांगलं वाचायचं असं मी मनाशी ठरवून टाकलं. पुढचं पान आधी उघडून बघायची मला सवय नव्हती. उघडून पाहिलं असतं तरी काय केलं असतं, मला अजून सांगता येत नाही.

ते प्रकरण जवळ येऊ लागलं तसे आडकूजी बेचैन झाले. पुस्तक माझ्या खोलीत असायचं. मी शाळेतून आले की ते भिंत धरत धरत माझ्या दाराशी येऊन उभे राहायचे. मग आत येऊन डावा पंजा पुस्तकावर ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. वाचून दाखवू का, असं मी विचारलं की मान हलवायचे. नाही. एकदा मी त्यांच्या मांडीवर पाटी ठेवली आणि डाव्या हातात पेन्सिल दिली. हयात वाचण्यात घालवलेला तो माणूस, पण दुखण्यानं अक्षरंसुद्धा नेली होती. दोन वेड्यावाकड्या रेघा झाल्या. त्यांनी पाटी पालथी घातली.

ते प्रकरण वाचायच्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. पुस्तकातली खुणेची काडी त्यांनी शोधली, तिथून पुढची चिमूटभर पानं एकदम उचलली आणि पलीकडे टाकली. माझ्याकडे पाहिलं.

"हे सोडून पुढचं वाचू?"

त्यांनी जोरात मान हलवली. हो.

"असं कसं करता येईल, बाबा? बाया वर्षभर याची वाट बघतात. मावशी तर…"

मावशींचं नाव निघालं आणि त्यांची मान खाली गेली. मला वाटलं, आपल्याच पोराची जखम दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नसेल. मी म्हटलं, "तुम्हाला त्रास होणार असेल तर आज घरी थांबा. मी मावशींना सांगते." त्यांनी डोळे मिटले आणि नाही म्हटलं. संध्याकाळी मावशींच्या आधी तेच काठी घेऊन तयार होते.

विहार भरला होता. त्या प्रकरणाला म्हणे नेहमीच भरायचा. रत्नमाला माझ्या शेजारी बसली. वंदना झाली आणि मी वाचायला सुरुवात केली. राजपुत्राच्या मनातली घालमेल झाली, झोपलेल्या बायकोचा आणि बाळाचा निरोप झाला. पदर डोळ्यांना लागले. मग मी वाचलं: "दिवे मंदावले होते. सारा राजवाडा निजला होता. दासी निजल्या होत्या, पहारेकरी निजले होते. राजपुत्राने दाराशी थांबून एकवार मागे पाहिले, आणि तो उंबरठा ओलांडून गेला. नगराच्या वेशीबाहेर वारा सुटला होता…"

"बाई, राजा राहून गेला."

कौतिकामावशी होत्या. आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या पोराचं पाढ्यात एक घर चुकलं तर आपण सांगतो, तसं त्यांनी सांगितलं. मागून दोघीतिघी म्हणाल्या, "हाव जी, राजा राहिला. राजा जागा असते ते."

मी चार ओळी मागे गेले. पुन्हा पाहिलं. पान फाटलं असेल म्हणून आकडे तपासले. आकडे लागोपाठ होते. शिवण घट्ट होती. माझ्या मनात आलं, "हो, चुकलंच माझं," म्हणावं आणि मावशींनी सांगितलेली ती ओळ वाचल्यासारखी करून म्हणून टाकावी. कोणाचं काय बिघडणार होतं? पण तेवढ्यात रत्नमाला माझ्या खांद्यावरून वाकली होती.

"नाई आहे इथं, आजी," ती म्हणाली. "सारा राजवाडा निजला होता, एवढंच आहे. राजाबी त्याच्यातच आला."

"असं कसं?" कोणीतरी म्हणालं. "दरसाल आयकलं आपण."

"दुसरं पुस्तक असन."

"पुस्तक तेच आहे," रत्नमाला म्हणाली. "याले शिवणारी मीच, मागच्या साली."

मावशींनी हात पुढे केला. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते पान गुडघ्यावर ठेवलं आणि ओळींवरून बोट फिरवलं, वरून खाली, अगदी सावकाश. मग पुढचं पान. मग पुन्हा मागचं. "इथं नाई?" त्यांनी विचारलं.

"नाही, मावशी."

"अन् इथं?"

"तिथेही नाही."

त्यांनी बोट उचललं. मग बसल्या जागीच वळल्या. त्या वळल्या तशा सगळ्या बाया वळल्या. आडकूजी खांबाला टेकून बसले होते. एरवी कोणी रोखून पाहिलं की मान फिरवणारा माणूस. आज त्यांनी फिरवली नाही. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं.

"तुमी वाचत होते," मावशी म्हणाल्या. "हातात पुस्तक धरून वाचत होते. राजा जागा होता म्हून. ते कुठलं होतं?"

"अं…"

"इथं तं नाई म्हणते बाई. मंग कुठलं होतं?"

मावशींचा आवाज एकदम खाली आला. इतका खाली, की त्या नवऱ्याशी घरात बोलताहेत असं वाटलं.

"तुमी जागे होते."

आडकूजींनी मान हलवली. हो. आणि मग ती मान थांबेचना. हो, हो, हो, अशी हलतच राहिली.

मावशींनी पुस्तक मिटून माझ्यासमोर ठेवलं, उठल्या आणि अनवाणीच बाहेर गेल्या. वाचन संपल्यावर सगळ्यांनी मिळून सरणत्तय म्हणायचं असतं. त्या दिवशी कोणी म्हटलं नाही. एकेक बाई उठून मुकाट्यानं गेली.

रत्नमालानं आणि मी आडकूजींना घरी आणलं. घर रिकामं होतं, मागचं दार सताड उघडं. आम्ही त्यांना खाटेवर बसवलं आणि दोघी पांदणीनं घाटाकडे पळत सुटलो. तिन्हीसांज झाली होती, पण रत्नमालाला भुतांची आठवणही राहिली नव्हती.

मावशी घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. पाय पाण्यात होते. आमची चाहूल लागली तरी त्यांनी मागे पाहिलं नाही.

"मरत नाई मी," त्या म्हणाल्या. "भिऊ नका. येते. घरी जाऊन त्याले दूधभात चारा, भूक लागली असन."

त्या रात्री पावलं वाजली नाहीत, आणि मी सबंध रात्र टक्क जागी होते. रोज ज्या आवाजाला भ्यायचे, तो नाही म्हणून जास्त भीती वाटत होती.

सकाळी मावशी चुलीपुढे होत्या. डोळे सुजलेले. त्याही झोपल्या नव्हत्या हे दिसत होतं. मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, फार राग आला का त्यांचा?"

"राग नाई तं काय ओवाळू?" त्यांनी फुंकणी उचलली, फुंकली नाही, तशीच हातात धरून बसल्या. "इतकी वर्सं माह्या झोपेले शिव्या देल्ल्या मी. माय म्हणवून घ्याची लाज वाटली मले. अन् हा माणूस बाजूले डोळे मिटून पडला होता. एक आवाज द्याचा होता, सिद्धा म्हून. बापाचा आवाज आयकून थांबलं असतं पोरगं."

ओसरीवर खाट करकरली. आडकूजींना सगळं ऐकू जात होतं. मावशींना ते ठाऊक होतं, त्यांनी आवाज कमी केला नाही.

"म्हणला असन मनात, जाऊन जाऊन कुठं जाते. भूक लागली का सकाळी येते. मीच कायले पयले बोलू." त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "मीबी तसंच म्हणली असती, बाई. रागावलेलं पोरगं असं हजारदा घरातून जाते अन् हजारदा येते. आपलंच आलं नाई."

मी त्यांच्या हातातली फुंकणी घेतली आणि चूल फुंकली.

"पण एक सांगू का तुमाले? रातभर हेच डोक्यात घुमून रायलं. त्यानं लपवलं नाई. मले वाटलं होतं लपवलं. नाई लपवलं. दरसाल सांगतलं. साऱ्या गावासमोर, बुद्धाच्या मूर्तीपुढं बसून, रडत रडत सांगतलं का मी जागा होतो, मी आवाज नाई देल्ला. याच्याहून मोठ्यानं कसं सांगते माणूस?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "अन् मी पुस्तकातलं समजून डोळे पुसत बसली. घरी येऊन झोपली. ज्या राती मी सुखानं झोपत होती, त्या राती हा बाजूले काय करत असन, बाई?"

त्या उठल्या. कपात चहा ओतला, बशीत घेऊन निववला आणि ओसरीवर गेल्या. मी दारात उभी होते. रोजच्यासारखं त्यांनी आडकूजींच्या मानेखाली हात घातला आणि बशी ओठांशी धरली. अर्धा चहा गळ्यावरून ओघळला, तो पदरानं टिपला. मग म्हणाल्या, "आयका. आजपासून तुमी जागा. माहं लय झालं. मले झोपू द्या आता."

आडकूजींनी डावा हात मावशींच्या हातावर ठेवला. मावशींनी तो काढला नाही, पण लगेच कामाला उठल्या.

मी शाळेत गेले. दिवसभर माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. पोरांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

सुटी झाल्यावर घरी आले तर समोरचं दार नुसतं लोटलेलं. आत मधल्या खोलीत, जिथे मी मावशींना कधी पाठ टेकलेलं पाहिलं नव्हतं, तिथे गोधडी अंथरली होती आणि मावशी झोपल्या होत्या. तोंड उघडं, एक हात बाजूला पडलेला, चक्क घोरत. उन्हाची तिरीप तोंडावर आली होती, तरी हललेल्या नव्हत्या.

आडकूजींची खाट मागच्या दारात ओढलेली होती. कशी ओढली, कोणी ओढली, देव जाणे असं म्हणणार होते, पण आम्ही देवही मानत नाही. मावशींनीच ओढली असणार. ते दाराच्या चौकटीला टेकून बाहेर तोंड करून बसले होते. मी पाऊल न वाजवता त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. त्यांना कळलं, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. नजर पांदणीवर होती.

तेवढ्यात पांदणीनं एक जण चालत आला. तरणा होता. खांद्यावर पिशवी, मान खाली, पलीकडच्या गावची नाव गाठायची घाई असावी. आवारासमोरून तो भरभर गेला आणि घाटाच्या उताराला लागला. आता आम्हाला त्याची पाठ तेवढी दिसत होती.

आडकूजी पुढे झाले. आधी घशातून नेहमीचं "अं" आलं. त्यांनी डावा हात चौकटीवर रोवला, अंग उचललं, आणि ओरडले. त्याला शब्द म्हणता आलं नसतं. सुरुवातीला "सि" सारखं काहीतरी होतं आणि पुढे नुसता आवाज, फाटलेला, लांब, घाटापर्यंत गेलेला. नावाडी ज्यासाठी वल्हं थांबवायचा तो आवाज कसा असेल, याचा मला तेव्हा अंदाज आला.

उतरणारा माणूस जागच्या जागी थांबला. वळला. चार पावलं परत वर आला. कुठल्या तरी दुसऱ्या गावचा, कोणाचा तरी मुलगा.

"मले आवाज देल्ला काय जी, बाबा?"

आडकूजी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली. हो.

तो पुढचं काही ऐकायला मिळेल म्हणून उभा राहिला. नाव चुकणार होती, तरी उभा राहिला. मी आत वळून पाहिलं. एवढ्या आवाजानं मावशी नुसत्या कुशीवर वळल्या होत्या. जाग त्यांना आली नव्हती.